आत्याबाईंच्या नावाचा बीपी

"दार लाव आधी!" अंबूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "अन् कडी घाल. राम गोठ्यातून येतच असंन."

संजीवनीनं कणकेचे हात पदराला पुसले, स्वयंपाकघराचं दार ओढून कडी घातली, आणि चुलीजवळच्या पाटावर टेकली न टेकली तोच पोलक्याच्या बाहीवरूनच निळा पट्टा दंडाला गुंडाळला. बटण दाबलं. मशीन घुरघुरू लागलं, पट्टा फुगला, आणि दंड असा काही आवळला की तिनं डोळे गच्च मिटून घेतले...

"लवकर कर वं माय! आता गोपालचा फोन आलाच म्हून समज."

"बोलू नका ना आत्याबाई, मोजून राह्यलं ते," संजीवनी सासूला म्हणाली.

पट्ट्यातली हवा फुस्स करून निघून गेली. काचेवर आकडे उमटले. वर एकशे सत्तर, खाली एकशे चार. संजीवनीनं मोबाइलवर फोटो काढला आणि पुण्याला आपल्या दिराला, गोपालला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'आईचा आजचा बीपी.'

आईचा! आणि दंड होता सुनेचा! दिवाळीपासून वरवट बकाल गावातल्या त्या घरात रोज सकाळी हा असाच चोरटा सोहळा चालला होता, आणि बंद दाराआड बसलेल्या त्या दोघींखेरीज तो कोणालाही, संजीवनीच्या नवऱ्याला, रामलाही, ठाऊक नव्हता.

हे असं झालं कसं? त्याला कारण होतं प्रेम. होय, निव्वळ प्रेम! अंबूबाईंचे यजमान शालिग्रामअण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. शेतातून घरी आले, तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. बीपी किती दिवसांपासून वाढलेला होता, कोणालाच माहीत नव्हतं. धाकट्या गोपालच्या काळजात ही सल कायमची रुतून बसली. पुण्याला नोकरी, बायको सुचिता तिकडचीच, वर्षातून दोनदा गावी येणं... 'अण्णांचा आपण कधी मोजला नाही, आईचा तरी रोज मोजू,' असं म्हणत यंदाच्या दिवाळीत तो हे मशीन घेऊन आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! दोन वेळचा स्वयंपाक, गोठा, कापसाची वेचणी, आत्याबाईंचं पथ्यपाणी, आणि त्यावर आता हे मशीन. पण संजीवनी कुरकुरली नाही. कुरकुरणं तिच्या स्वभावातच नव्हतं, तिथंच तर सगळं चुकत गेलं.

गोपालची गाडी गावाबाहेर पडली आणि संजीवनी पट्टा घेऊन सासूजवळ गेली, तशा अंबूबाई भिंतीला जाऊन चिकटल्या.

"नोको! तो पट्टा मले दाखवू नोको! शेवटच्या दिवशी त्यायच्या दंडाले असाच बांधला होता वं. घडीघडी फुगे, आवळे, सुटे... मी पायथ्याशी बसून पाहून राह्यली होती. एक डाव फुगला, आवळला, अन् सुटला तवा माणूसच नव्हता त्याच्यात! त्या पट्ट्यानंच नेलं त्याह्यले!"

"असं कुठी होते काय आत्याबाई? भाऊजी रोज फोटो मागतीन. काय सांगू त्याह्यले?"

अंबूबाईंनी डोळे पुसले. मग एकाएकी सुनेचा हात घट्ट धरला. "तूच बांध तुह्या दंडाले. तू जवान हायेस, तुहा चांगलाच येईन. लेकराचा जीव तिकडं शांत राह्यते, माहा जीव इकडं. बीपीची गोळी तर मी रोज घेतोच ना? अन् हे कोणाले सांगशीन तर तुह्या कुकवाची आन हाय तुले! रामलेही सांगजो नोको!"

कुकवाची आन! संजीवनीचा हात नकळत कपाळाकडे गेला. त्या घडीला ती बोलायला हवी होती, ठाम नाही म्हणायला हवी होती. पण घरात तीनच वर्षांपूर्वी एक कुंकू पुसलेलं तिनं पाहिलं होतं... तिनं पट्टा निमूट आपल्या दंडाला बांधला.

आणि आकडा चांगला आलाच नाही! पहिल्या दिवशीच वर एकशे साठ. सासू म्हणाली, "तुही धावपळ हाय ना, म्हून." सुनेलाही ते पटलं. पाण्याचे हंडे ठेवून ती तशीच येऊन बसायची, बाहीवरून पट्टा बांधायची, सासूची बडबड चालायची, पोटात नुसता कडक चहा. अशानं आकडा वाढतो, एवढं तिलाही समजत होतं. पण रोज? रोजच्या रोज?

अलीकडे तिचं डोकं उठल्याबरोबर मागून ठणकत असे. कापूस वेचताना वाकलेली मान वर केली की डोळ्यांसमोर काजवे चमकत. पायऱ्या चढताना छाती धडधडे. 'पित्त झालं असंन,' म्हणून ती आल्याचा तुकडा चघळी आणि कामाला लागे. शेवटी तिच्या दंडाला पट्टा होता, पण तो तिच्यासाठी नव्हता ना! काचेवरचा आकडा आत्याबाईंच्या नावाचा होता. तो आपल्या अंगातून आला आहे, हे त्या माउलीच्या ध्यानातच येत नव्हतं.

तिकडे पुण्यात गोपालच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं ते सगळे फोटो शेगावच्या डॉक्टरीणबाईंना, डॉक्टर धम्मशीला यांना पाठवले. अंबूबाईंची बीपीची जुनी गोळी अण्णा असतानाच त्यांनी लिहून दिली होती. त्यांनी कळवलं, आकडे जास्त आहेत, आधी पेशंटला आणून दाखवा, मग गोळी वाढवू. पण गोपालला कुठला धीर! आईला शेगावपर्यंत हलवायचं कशाला, म्हणून त्यानं ओळखीच्या कोणाकोणाला विचारून जुन्या गोळीच्या जोडीला दुसरी, जास्त ताकदीची गोळी परस्पर घरी धाडून दिली.

गोळीची पट्टी हातात पडली आणि संजीवनीच्या पायाखालची जमीन सरकली. 'ही गोळी माह्या आकड्याची हाय... अन् पोटात जाईन आत्याबाईच्या!' तिनं ती गुळाच्या डब्यामागे दडवून ठेवली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर गोपालचा चेहरा उमटला.

"आई, नवी गोळी सुरू केलीस ना? नाही? वहिनी, अहो काय चाललंय काय? आणा ती गोळी. माझ्यासमोर घ्यायची, आत्ताच्या आत्ता."

"भाऊजी..." संजीवनी पुढे झाली, "मी म्हणतो, एक डाव शेगावले नेऊन दाखवू ना आत्याबाईले. मंग देऊ."

"वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही! अण्णांच्या वेळी असंच 'उद्या दाखवू, परवा दाखवू' केलं आपण. आणा गोळी!"

संजीवनीनं सासूकडे पाहिलं. तिच्या नजरेत केवढी विनवणी होती! 'आत्याबाई, सांगा ना... नाही तर मले तरी सोडवा या शपथेतून!' पण अंबूबाई मोबाइलमधल्या लेकाच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला. "आण वं. लेकानं धाडलेल्या औषधानं काय वंगाळ होते?" आणि लेकाच्या डोळ्यांदेखत त्यांनी गोळी गिळली.

तेव्हापासून रोज सकाळी आधी फोटो, मग व्हिडिओ कॉल, मग गोळी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! अंबूबाई उठताना भिंत धरू लागल्या, दुपारच्या बसल्या जागी पेंगू लागल्या. संजीवनी सावलीसारखी त्यांच्या मागे मागे फिरे. "आत्याबाई, मी तुमच्या पाया पडतो, खरं सांगून टाकू." पण अंबूबाईंचं एकच पालुपद, "आन घातली हाय मी तुले." आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा आणखी वर चढलेला असे. का नाही चढणार? जिच्या काळजाला घोर, तिच्याच दंडाला पट्टा!

व्हायचं तेच झालं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अंबूबाई तीळ निवडत बसल्या होत्या. कोणीतरी हाक मारली म्हणून त्या झटकन उठल्या, दोन पावलं टाकली, आणि उंबऱ्यावर आदळल्या. कपाळ फुटलं. सूपभर तीळ अंगणभर उधळले.

"माय वं!" संजीवनीच्या त्या किंकाळीनं राम गोठ्यातून धावत आला. जीप केली, शेगाव गाठलं. साऱ्या वाटेत सासूचं डोकं मांडीवर घेऊन संजीवनी एवढंच पुटपुटत होती, "मीच मारलं यायले... मीच मारलं..."

गोपाल आणि सुचिता रात्रभराचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचले. अंबूबाई पलंगावर निपचित पडल्या होत्या, कपाळाला टाके, हाताला सलाइन. डोळे मिटलेले. गोपालनं आईचा थंडगार हात हातात घेतला आणि तो वळला तो थेट वहिनीवर.

"डॉक्टर म्हणतात, बीपी एकदम खाली गेला होता. औषध जास्त झालंय! वहिनी, किती गोळ्या देत होतात तुम्ही माझ्या आईला?"

संजीवनी भिंतीला टेकून उभी होती.

"काही विचारतोय मी! रोज काळजीनं फोन करणारा मी मूर्ख, आणि तुमचं एका माणसाच्या गोळ्यांकडं लक्ष नाही?"

"अहो, हळू..." सुचिता म्हणाली खरी, पण तिच्याही नजरेत संशय होताच.

रामनं आजवर बायकोवर आवाज चढवला नव्हता. पण आईची ती अवस्था पाहून त्याचाही तोल गेला. "बोल ना वं! मुकी झाली काय? काय देलं तू माह्या मायले?"

ज्याच्या कुंकवासाठी जीभ दातांखाली धरून ठेवली, तोच असं विचारत होता! संजीवनीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पलंगावरच्या म्हातारीकडे. खरं बोलावं तर शपथ मोडते... आणि लेकासमोर, सुनेसमोर या माउलीचं खोटं उघडं पडतं. ती शुद्धीवर येईल तेव्हा कोणत्या तोंडानं लेकाकडे बघेल? संजीवनीनं डोळे मिटले. दोन आसवं ओघळली.

"माह्याच हातून चूक झाली," ती म्हणाली. "गोळ्या माह्याच हातानं जास्त गेल्या. आत्याबाईचा काही दोष नाही."

गोपालनं तोंड फिरवलं. राम मटकन बाकड्यावर बसला.

"थांबा," दारातून आवाज आला. डॉक्टर धम्मशीला केव्हाच्या तिथं उभ्या होत्या. "मला हे पटत नाही. गोळ्या दोनच जात होत्या असं पट्टीवरून दिसतं. पण तुम्ही मला पाठवले तसे आकडे ज्या पेशंटचे असतील, तिला दोन गोळ्यांनी एवढं खाली जायला नको. घरचं मशीन आणलंय का?"

मशीन रामच्या पिशवीत होतं. डॉक्टरांनी ते रामच्या दंडाला लावलं, मग आपलं लावलं. दोन्हींचा आकडा जवळपास एकच.

"मशीनमध्ये काही खोट नाही. मग रोजचे ते फोटो कोणाचे?"

संजीवनीनं पदर तोंडात कोंबला. इतक्यात पलंगावरून क्षीण आवाज आला.

"तिले काही बोलू नोका रे..." अंबूबाईंनी डोळे उघडले होते, आणि त्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तिनं काहीच नाही केलं. पट्टा मी कधी बांधूच नाही देला. मले भेव वाटे... तुमच्या बापाच्या दंडाले पाह्यला होता ना म्यां. मीच म्हटलं, तुह्या दंडाले बांध. कुकवाची आन घातली तिले. ते सारे फोटो तिचे हायेत रे गोपाल... माहा एकही नाही!"

डॉक्टर धम्मशीला सावकाश संजीवनीकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"म्हणजे एकशे सत्तर, एकशे पंच्याहत्तर... ते तुमचे?"

"माह्या धावपळीचे असतीन जी," संजीवनी गडबडून म्हणाली. "मले काही नाही झालं. तुमी आत्याबाईले पाहा."

"त्यांना पाहिलंय. वाढवलेली गोळी बंद केली की त्या बऱ्या होतील. आता तुम्ही बसा."

खुर्ची आली. डॉक्टरांनी तिला पाठ टेकवून बसवलं, दोन्ही पाय जमिनीवर सरळ ठेवायला लावले, पायांची अढी सोडवली. लघवीला जाऊन आलात का, चहा कधी घेतला, असं आधी विचारलं. पोलक्याची बाही वर सरकवली, उघड्या दंडाला कोपराच्या दोन बोटं वर पट्टा बांधला, हाताखाली उशी देऊन दंड छातीच्या पातळीला आणला. "आता पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. तुम्हीही नाही, संजीवनीबाई."

काय ती पाच मिनिटं! लग्न होऊन या घरात आल्यापासून संजीवनी कधी अशी, काहीही न करता, सगळ्यांच्या देखत बसली नव्हती. तिला लाज वाटत होती. गोपाल खाली मान घालून उभा होता, रामची नजर मशीनच्या काचेवर खिळली होती. साऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता. तिची धावपळच असू दे, चहाच असू दे, बाहीच असू दे... देवा, हा आकडा खाली येऊ दे!

पट्टा फुगला. आवळला. सुटला.

एकशे शहात्तर. खाली एकशे आठ.

डॉक्टरांनी थोडं थांबून पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या दंडाला. आकडा तिथल्या तिथंच घुटमळला.

"डोकं दुखतं?"

"...हाव."

"कधीपासून?"

संजीवनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. डॉक्टरांनी बाकीच्यांकडे पाहिलं. एकालाही सांगता आलं नाही. नवऱ्यालाही नाही, शेजारी झोपणाऱ्या नवऱ्यालाही नाही!

"घाबरायचं कारण नाही, वेळेत कळलंय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त-लघवी तपासू, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढू, आणि गोळी आजच सुरू करू, यांच्या मापाची. रोज सकाळी आत्ता बसवलं तसं बसवून मोजायचं, दोनदा, मधे थोडं थांबून. एखाद्या दिवशी आकडा वाढला म्हणून आपल्या मनानं गोळी वाढवायची नाही, कमी आला म्हणून सोडायची नाही. लोणचं, पापड, ठेच्यातलं मीठ, सगळं कमी. पण वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला तर लगेच मला कळवा, आणि आकडा कितीही असला तरी छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, दिसेनासं झालं, तर फोटो पाठवत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. आणि गोपालराव, मी 'आधी आणून दाखवा' असं लिहिलं होतं."

गोपालचा चेहरा पांढराफटक पडला. तो पुढे आला आणि वहिनीच्या खुर्चीजवळ खाली बसला. पुण्याची ती घडीव भाषा कुठल्या कुठे गळून पडली.

"वहिनी... दिवाळीपासून ज्या आकड्यानं माही झोप उडाली होती, तो तुमचा होता! रोज फोटो पाहून माह्या काळजात धस्स होये. अन् तुमाले एकदा नाही विचारलं, वहिनी तुमी कशा हा? फोन लावला की म्हणो, आईले द्या. तुमाले काही कळत नाही म्हटलं मी... मले माफ करा!"

"असं काय भाऊजी, उठा ना! लोकं पाहतीन." संजीवनी रडता रडता त्याला उठवू लागली. सुचितानं पुढे होऊन जावेचा तो पट्ट्याचा वळ उमटलेला दंड हातात घेतला आणि ती नुसती त्यावर हात फिरवत राहिली.

राम जागचा हलला नव्हता. शेवटी तो जड पावलांनी जवळ आला. "माहं कुकू वाचवाले तू स्वतःचा जीव जाळत बसली? अन् मी म्हटलं, मुकी झाली काय... अवं, तू गेली असती तर मी काय केलं असतं?"

"संजीवनी," अंबूबाईंनी पलंगावरून हात पसरला, "इकडं ये बाई. ती आन म्यां परत घेतली. तुह्या नावानं आम्ही दिवसभर हाका मारत होतो वं, पण तुह्या जिवाची चौकशी कोणीच नाही केली. तुहा सासरा पट्ट्यानं नाही गेला, न मोजल्यानं गेला... अन् मी तुलेही त्याच वाटंनं धाडून राह्यली होती!" मग पदरानं नाक पुसून त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "बाई, तो पट्टा मलेही बांधा. पण हिचा हात मी सोडणार नाही."

पट्टा फुगला तेव्हा म्हातारीनं डोळे गच्च मिटले, सुनेची बोटं पांढरी पडेपर्यंत आवळली. पट्टा सुटला. अंबूबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं, आपण आहोत जागच्या जागी! आणि त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या.

आठवड्याभरानं सगळी घरी आली. गोपाल-सुचिता पुण्याला परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून रामचा आवाज आला, "अवं, च्या झाला काय?"

"दार लाव आधी, अन् थंडी आत येऊ देऊ नोको!" अंबूबाई ओसरीवरून कडाडल्या. "तिचा पट्टा बांधून हाय. ती पाच मिनिटं बोलणार नाही अन् उठणार नाही. च्या तू मांड! अन् साखर कुठी हाय ते मले विचार, तिले विचारू नोको!"

खुर्चीत पाठ टेकून बसलेल्या संजीवनीला हसू आवरेना. हसलं तरी आकडा चुकेल म्हणून तिनं ओठ दाबून धरले. एकशे अठ्ठेचाळीस, खाली ब्याण्णव. उतरत होता, हळूहळू का होईना, उतरत होता! तिनं फोटो काढला. मग सासूचाही काढला, तिच्याच दंडाचा. दोन्ही पुण्याला गेले, आणि पहिल्याच्या खाली तिनं थोडं अडखळत लिहिलं, 'माझा.'

लगेच फोन वाजला. संजीवनीनं सवयीनं तो न बोलता सासूच्या हाती दिला. अंबूबाईंनी कानाला लावला, ऐकलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"घे," त्या म्हणाल्या. "तुह्यासाठी हाय."